न्हावाशेव्याच्या सर्व्हररूममध्ये वाशीम का नसावं?

२७ जून २०१७. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरातले संगणक काही तासांत बंद पडले. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरलेल्या ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामने कंपनीची टर्मिनल्स एकामागून एक ठप्प केली. त्यांत न्हावाशेवा बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडियाही होतं. क्रेन शाबूत होत्या, माणसं ड्युटीवर होती, पण कोणता कंटेनर यार्डात कुठे आहे आणि तो कोणत्या जहाजात चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच उरली नव्हती.

सगळं जाळं पुन्हा उभं करायला ज्या मूळ सर्व्हरची प्रत हवी होती, ती जगात एकाच ठिकाणी वाचली होती: घानातल्या कार्यालयात. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. (लोडशेडिंगचे असे उपकार आपल्या विदर्भात तरी कुणी ऐकले नसतील.) घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून ती हार्डडिस्क आधी नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली गेली आणि तिथून लंडनजवळच्या मेडनहेडमधल्या कंपनीच्या आयटी केंद्रात पोचली. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक १० दिवसांत नव्याने उभे केले, असं कंपनीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी पुढे दाव्होसला सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं.

या कथेचा उत्तरार्ध फारसा कुणी सांगत नाही. मार्च २०२० मध्ये ‘द रजिस्टर’ने बातमी दिली, की मेडनहेडच्या त्याच केंद्रातल्या माणसांना कमी करून त्यांचं काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवायची तयारी चालू आहे. ज्यांनी घर आगीतून वाचवलं, त्यांनाच दार दाखवायचं आणि नंतर परिषदांमधून तक्रार करायची, की शिपिंगला चांगली आयटी माणसं मिळत नाहीत, मिळालीच तर टिकत नाहीत! तक्रार खरी आहे. पण तिच्यात या धंद्याचा स्वतःचा वाटा मोठा आहे.

आता यात वाशीमचा काय संबंध? समुद्रापासून पाचशे-सहाशे किलोमीटर आत असलेला, २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेला हा जिल्हा. पण समृद्धी महामार्ग कारंजा, शेलुबाजार, मालेगाववरून जातो आणि ५ जून २०२५ पासून तो भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत सलग खुला आहे. मालवाहतूक या मातीला नवी नाही. मानोरा तालुक्यातली पोहरादेवी ज्यांची काशी, त्या बंजारा समाजाचे तांडे शतकानुशतकं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहत आले. आज वाशीमचं सोयाबीन बाहेर जातं, आणि पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जातात. त्या पोरांना बंदराच्या संगणकात नोकरी असते हे कुणी सांगितलेलंच नाही.

हे काम नेमकं असतं काय? समजा, विदर्भातल्या सोयापेंडीचा एक वीस फुटी कंटेनर न्हावाशेव्याला निघाला. कारखान्यातच त्याला आरएफआयडीचं ई-सील लागतं. त्याचं शिपिंग बिल सीमाशुल्क खात्याच्या आइसगेट प्रणालीवर चढतं. बंदरात शिरायचा परवाना, म्हणजे ‘फॉर्म १३’, ऑनलाइन निघतो. भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन कळवणं १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं आहे. ते नसेल तर कंटेनर जहाजावर चढत नाही. मग टर्मिनलची प्रणाली यार्डातली जागा देते आणि शेवटी जहाजावरची जागा ठरते. समजा ती आहे ०१३०५८२. यातला ०१३ हा जहाजाच्या लांबीतला खण. तो विषम आहे, म्हणजे कंटेनर वीस फुटी. चाळीस फुटींसाठी सम आकडे. ०५ म्हणजे मधल्या रेषेपासून उजवीकडची तिसरी ओळ. ८२ म्हणजे डेकवरचा सर्वांत खालचा थर.

कंटेनरच्या अंगावरचा क्रमांकही असाच बोलका असतो. सीएसक्यूयू ३०५४३८ ३ हा पाठ्यपुस्तकी नमुना घ्या. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत आहे. पहिल्या दहा जागांच्या किमतींना अनुक्रमे १, २, ४, ८ अशा दुपटीने गुणायचं, बेरीज करायची (इथे ती ६,१८५ येते) आणि ११ ने भागायचं. बाकी उरते ३, तोच शेवटचा आकडा. गेटवरच्या माणसाने एक अक्षर चुकीचं टाइप केलं, तर बहुतेक वेळा हा हिशेब ती चूक पकडतो.

कोडिंग येणारा पोरगा हे एका दुपारी शिकेल. वेळ लागतो तो पुढच्या गोष्टीला. मध्यरात्री एका कंटेनरच्या वजनातलं एक शून्य गळलं आहे, जहाजाचा कटऑफ दोन तासांवर आहे, कस्टम्सचा निरोप अडकला आहे आणि गेटबाहेर ट्रकांची रांग वाढते आहे. अशा वेळी कोणत्या दुरुस्तीला आधी हात घालायचा आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे कळायला बंदरात वर्ष-दोन वर्षं घालवावी लागतात. वजन असं कमी नोंदलं गेलं तर जड कंटेनर वरच्या थरात बसू शकतो आणि जहाजाचा तोल बिघडू शकतो. हे अभियांत्रिकीच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत, म्हणून अशी माणसं बाजारात तयार मिळत नाहीत. ती घडवावी लागतात. कंपन्या मात्र जाहिरातीत पाच वर्षांचा अनुभव मागतात आणि एकमेकींची माणसं पळवतात.

घडलेला माणूस जातो का, हेही बघू. मर्स्कची कामं बेंगळुरू आणि पुण्यातून चालतात, हापाग-लॉइडचं तंत्रज्ञान केंद्र चेन्नईत आहे. पुण्यात खराडीच्या रस्त्यावर परदेशी बँकांची कार्यालयं आहेत आणि त्या डेटा ओळखणाऱ्याला सहसा जास्त पगार देतात. बंदर दिवाळीलाही बंद नसतं, त्यामुळे रात्रपाळी चुकत नाही. वर जुन्या प्रणाल्या सांभाळायच्या, ज्यांच्यावर काम केलेलं बायोडेटात चमकत नाही. नवं काही सुरू झालंच तर त्याचा भरवसा नाही: मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये गाजावाजा करून आणलेला ‘ट्रेडलेन्स’ हा ब्लॉकचेनचा मंच बंद करत असल्याचं नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं. आणि एवढं करूनही आयटीवाला म्हणजे ‘प्रिंटर चालत नाही, जरा बघ’ म्हणून हाक मारायचा माणूस. जाईल नाही तर काय?

बाँड लिहून घेऊन किंवा मूळ प्रमाणपत्रं अडकवून माणसं थांबत नाहीत, नुसती अडकतात. माझ्या मते उपाय साधे आहेत. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात धक्क्यावर, क्रेनखाली, गेटवर उभं करा. बंदराचं ज्ञान वाढेल तसा पगार वाढू द्या, नुसती वर्षं मोजू नका. रात्रपाळीची पाळीपत्रकं प्रामाणिक ठेवा. आणि जी कामं दुरून होतात, उदाहरणार्थ अडकलेल्या संदेशांवर लक्ष ठेवणं, ती करणारा चार माणसांचा गट वाशीमला बसला तर काय बिघडतं? गेटवरची अडचण दुरून सुटत नाही हे मान्य, पण संदेश अडकला की सुटला हे कुठूनही दिसतं.

जहाजावरही अशी जागा आहे. इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर, म्हणजे ईटीओ, हे पद २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनी आंतरराष्ट्रीय नियमांत आलं. २०२१ पासून जहाजांच्या सुरक्षा व्यवस्थेत सायबर धोक्याचा विचारही बंधनकारक झाला. इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना काही महिन्यांच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षणानंतर हा मार्ग खुला होतो. पात्रतेच्या अटी नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरच वाचाव्यात, एजंटाच्या माहितीपत्रकात नव्हे. कारण याच वाटेवर फसवणूकही दबा धरून बसलेली असते. ‘जहाजावर लावून देतो, तीन लाख भरा’ म्हणणाऱ्याकडे खलाशी भरतीचा आरपीएसएल परवाना आहे का, ते त्याच संकेतस्थळावर तपासा. आणि परवाना असला तरी भरतीसाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने मनाई आहे. शेत विकून पैसे भरायच्या आधी एवढं एक बघाच.

न्हावाशेव्याने २०२४-२५ मध्ये ७३ लाखांच्या आसपास टीईयू (वीस फुटी कंटेनरचं एकक) हाताळले. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, म्हणजे ही गरज वाढणारच. तेव्हा टर्मिनलवाल्यांना आणि शिपिंग लाइन्सना एकच विनंती: पुढच्या वर्षीच्या भरतीच्या यादीत पुणे-मुंबईच्या कॉलेजांखाली वाशीमच्या शासकीय तंत्रनिकेतनाचं नाव लिहा आणि एक दिवस काढून या. आणि इथल्या प्राचार्यांनी त्यांची वाट पाहत बसू नये, पत्र आधी पाठवावं.