बाळ घरी गेल्यानंतर

नाशिकच्या रुग्णालयांतून पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर परतणाऱ्या कमी वजनाच्या बाळाची खरी कसोटी घरीच लागते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत १९९५ पासून घरोघरी प्रशिक्षित सेविका पाठविल्या. तीन वर्षांत नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आता आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जातात. वजन, तापमान, श्वास त्या पाहतातच. परंतु मंदावलेले दूध ओढणे वा गार पडलेले तळपाय घरच्यांनाही ओळखता यावेत, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. त्यात आजीला वगळून चालत नाही. न्हाऊ-माखू तिच्याच हाती असते. घरी परतताच कुटुंबीयांनी आशाताईंना कळवावे, ही विनंती.