५० वर्षं जुनी इटालियन स्पोर्ट्स कार ‘तीच’ आहे, हे कसं शोधतात?

सेकंड हँड फोन घेताना तुम्ही काय करता? स्टार-हॅश-०६-हॅश डायल करून आयएमईआय बघता आणि तो बिलावरच्या नंबरशी जुळतो का ते तपासता. डिस्प्ले बदललाय का, बॅटरी ओरिजिनल आहे का, हे विचारता. फोन चोरीचा तर नाही ना, याचीही खात्री करून घेता.

म्हणजे नकळत तुम्ही तीन वेगळे प्रश्न विचारता. ही वस्तू नक्की कोणती? त्यातलं मूळ किती उरलंय? आणि विकणारा तिचा खरा मालक आहे का?

जुन्या फेरारी, लॅम्बोर्गिनी, अल्फा रोमिओ विकत घेणारेही हेच तीन प्रश्न विचारतात. फरक फक्त किमतीचा. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लिलावात १९६२ ची फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. एवढे पैसे मोजताना उत्तर चुकलं तर? म्हणूनच या शोधाचं एक वेगळं शास्त्रच तयार झालंय. चला, ते कसं चालतं ते बघूया.

आधी अडचण समजून घ्या

आजच्या गाड्यांना १७ अक्षरांचा एक ठरावीक नंबर असतो. त्यावरून कंपनी, मॉडेल, वर्ष असं बरंच काही कळतं. पण ही १७ अक्षरांची पद्धत साधारण १९८१ पासून रुळली. त्याआधी प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने नंबर द्यायची.

दुसरी अडचण म्हणजे, या गाड्या तेव्हा ‘अनमोल’ वगैरे नव्हत्या! रेसिंग कार दोन-तीन सीझननंतर जुनी व्हायची आणि स्वस्तात विकली जायची. इंजिन बिघडलं की दुसरं बसवायचे, कधी तर थेट अमेरिकन व्ही-८. रंग बदलायचा, बॉडी बदलायची. एक २५० जीटीओ तर टेक्सासमधल्या एका हायस्कूलकडे गेली होती. तिथली मुलं वर्कशॉपमध्ये तिच्यावर काम शिकायची. पुढे ती कित्येक वर्षं मोकळ्या रानात ट्रेलरवर ऊन-पाऊस खात पडून होती. जीटीओ बनल्या होत्या जेमतेम ३६, तरी ही अवस्था!

पहिली पायरी: लोखंडावरचे नंबर

चेसिस नंबर दोन ठिकाणी असतो. एक छोट्या पाटीवर आणि दुसरा थेट फ्रेमवर ठोकलेला. पाटी रिव्हेट काढून दुसऱ्या गाडीला लावता येते, म्हणून तज्ज्ञ जास्त विश्वास ठेवतात तो फ्रेमवरच्या नंबरवर. आकड्यांचा आकार, त्यांच्यातलं अंतर, आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा, हे सगळं बारकाईने बघितलं जातं.

त्या काळात फेरारीत एक सोपा नियम होता. रस्त्यावर चालवायच्या गाड्यांना विषम नंबर, रेसिंगच्या गाड्यांना सम. पण २५० जीटीओ रेससाठीच बनवलेली असूनही तिचा नंबर विषम, कारण कागदोपत्री ती जीटी मालिकेतलीच गाडी होती. असे अपवाद माहीत नसतील तर खरी गाडीही खोटी वाटू शकते.

इंजिन आणि गिअरबॉक्सवरही नंबर असतात. बॉडी अनेकदा पिनिनफरिना, स्कालियेत्ती, बेर्तोने यांच्यासारखे बाहेरचे कारागीर बनवायचे, त्यांचे नंबर वेगळे. हे सगळे मूळ नोंदीशी जुळले की त्याला ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात. अशा गाडीची किंमत साहजिकच जास्त.

दुसरी पायरी: कंपनीचे कागद

गाडी बनताना कोणतं इंजिन बसवलं, रंग कोणता, सीटचं लेदर कसलं, गाडी कोणाला दिली, याच्या नोंदी कारखान्यात ठेवल्या जायच्या. फेरारीचा ‘क्लासिके’ विभाग गाडी या नोंदींशी ताडून बघतो आणि प्रमाणपत्र देतो. लॅम्बोर्गिनीने २०१५ मध्ये याच कामासाठी ‘पोलो स्तोरिको’ सुरू केलं. अल्फा रोमिओचा कागदपत्रांचा संग्रह मिलानजवळ आरेझे इथे आहे.

पण कारखान्याचा कागद गाडी कशी *निघाली* ते सांगतो. पुढे तिचं काय झालं, ते दुसरीकडे शोधावं लागतं.

तिसरी पायरी: सरकारी दप्तर

इटलीत गाड्यांच्या मालकीची सार्वजनिक नोंद १९२७ पासून ठेवली जाते. तिचा उतारा मिळाला तर कोणी, कधी, कोणाकडून गाडी घेतली याची तारीखवार यादी हातात येते. आपल्याकडे जमिनीचे जुने फेरफार काढतात ना, तसंच काहीसं.

जुन्या नंबरप्लेटचाही उपयोग होतो. १९९४ पर्यंत इटलीतल्या प्लेटवर प्रांताचं चिन्ह असायचं, जसं मोडेनासाठी एमओ, मिलानसाठी एमआय. गाडी दुसऱ्या प्रांतातल्या माणसाकडे गेली की प्लेट बदलायची. त्यामुळे जुन्या फोटोत प्लेट दिसली, तर गाडी त्या वेळी कुठल्या प्रांतात नोंदलेली होती ते समजतं.

चौथी पायरी: फोटो, फिल्म आणि माणसं

याचं मस्त उदाहरण म्हणजे ‘द इटालियन जॉब’ या १९६९ च्या सिनेमातली केशरी लॅम्बोर्गिनी मिउरा. सिनेमाच्या सुरुवातीला ती आल्प्सच्या घाटात धावते आणि बोगद्यात चक्काचूर होते. प्रत्यक्षात गाड्या दोन होत्या. एक आधीच अपघातात मोडलेली, आणि दुसरी धडधाकट, जी शूटिंगनंतर कारखान्यात परत गेली. मग ती दुसरी गाडी गेली कुठे? पन्नास वर्षं चाहते हेच विचारत होते.

२०१९ मध्ये पोलो स्तोरिकोने जाहीर केलं की चेसिस नंबर ३५८६ हीच ती गाडी. कंपनीचे कागद तपासले गेले आणि माजी कर्मचाऱ्यांच्या आठवणी घेतल्या गेल्या. त्यात एन्झो मोरुत्सी होते. ती गाडी सेटवर नेणारे आणि कॅमेऱ्यासमोर चालवणारे तेच. त्यांनी एक भारी गोष्ट सांगितली. गाडीच्या सीट पांढऱ्या लेदरच्या होत्या. शूटिंगमध्ये खराब होतील म्हणून त्या काढून काळ्या बसवल्या. पण मिउराचे हेडरेस्ट सीटला नसतात, मागच्या काचेच्या पार्टिशनला जोडलेले असतात. ते बदलायला वेळच मिळाला नाही. सिनेमा नीट बघा: सीट काळ्या, हेडरेस्ट पांढरे!

कागद, माणसाची आठवण आणि फिल्म, तिन्ही गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात. एकाच पुराव्यावर इथे कोणी विसंबत नाही.

ओळख पटली, पण मालक कोण?

सगळ्यात मोठा धडा इथे आहे. १९५४ ची फेरारी ३७५ प्लस, चेसिस ०३८४एएम. १९८० च्या दशकात ती अमेरिकेत ओहायोमधून चोरीला गेली आणि नंतर बेल्जियममध्ये सापडली. ही तीच गाडी, हे पुढे स्पष्ट झालं. पण ती कोणाची, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या लिलावात ती १ कोटी पौंडांहून जास्त किमतीला गेली, आणि त्यानंतरही प्रकरण कोर्टात पोचलंच.

उलटही होतं. कागद अगदी स्वच्छ, पण गाडीच वेगळी. फेरारी २५० जीटीई ही चार सीटची, तुलनेने स्वस्त गाडी. अशा कितीतरी जीटीई मोडून त्यांचे भाग जीटीओच्या नकला बनवायला वापरले गेले. मालकी शंभर टक्के कायदेशीर, बोनेटखाली फेरारीचंच इंजिन, तरीही ती जीटीओ नव्हे. खरी ओळख चेसिस नंबर सांगतो.

म्हणून ओळख, अस्सलपणा आणि मालकी हे तीन प्रश्न कधीच एकात मिसळायचे नाहीत. एकाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून बाकी दोघांचं ‘हो’ धरायचं नाही.

मग आपल्याला काय उपयोग?

जीटीओ आपण घेणार नाही, हे खरंय. पण सेकंड हँड बाईक नक्कीच घेऊ. तेव्हा हेच करा:

- आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर बाईकवर ठोकलेल्या नंबरशी स्वतः ताडून बघा. नुसता पाटीचा फोटो चालणार नाही.
- नंबरभोवती घासल्याच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा दिसल्या तर तिथेच थांबा.
- एमपरिवहन ॲपवर नोंद बघा आणि बाईकवर कर्ज बाकी आहे का ते तपासा.
- सर्व्हिसची बिलं, जुने फोटो मागा आणि तारखा जुळतात का बघा.

आणि उद्या बाईक विकायची वेळ आली तर? आजपासूनच बिलं आणि फोटो एका फोल्डरमध्ये ठेवायला लागा. पुढच्या मालकाचे तिन्ही प्रश्न त्यातूनच सुटतील.