दोन नटांचं काम

२००७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. गाडी प्रीमियर पद्मिनी, वडिलांच्या हातची. सोबत आई होती. खंबाटकी घाट निम्मा चढून झाला आणि गाडीनं दोन-तीन आचके दिले आणि बंद पडली. दुपारचे साडेबारा वाजले होते. मागचे ट्रक हॉर्न वाजवत बाजूनं निघून जात होते. मी बॉनेट उघडलं आणि फियाटवाल्यांच्या पिढ्यान् पिढ्या जो उपाय करत आल्या, तो केला. नॅपकिन पाण्यात भिजवून इंजिनाच्या कुशीला असलेल्या पेट्रोलच्या पंपावर गुंडाळला. पंधरा मिनिटांनी गाडी सुरू झाली. घाटमाथ्याजवळ पुन्हा थांबली. पुन्हा नॅपकिन, पुन्हा पंधरा मिनिटं. सातारा येईपर्यंत बरोबरच्या बाटल्यांतलं पाणी आम्हाला कमी आणि पंपाला जास्त मिळालं.

घरी पोचल्यावर ओळखीच्या मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "एसी पंप गेला असणार. नवा आणा आणि टाका. दोन नटांचं काम आहे, तुमचं तुम्हीसुद्धा कराल." हे शेवटचं वाक्य ऐकून मला फार बरं वाटलं. पान्यांचा डबा घरात होता, हौस होती आणि सुटीचे चार दिवस हाताशी होते. त्या दोन नटांनी मला काय शिकवलं, ते आज सांगणार आहे.

आधी 'एसी पंप' या नावाविषयी. आमच्या गाडीत वातानुकूलन नव्हतं, मग एसी कुठून आला? अल्बर्ट चॅम्पियन नावाचा एक फ्रेंच सायकलपटू होता. १८९९ साली त्यानं पॅरिस-रूबे ही शर्यत जिंकली होती. पुढे तो अमेरिकेत गेला आणि मोटारींचे स्पार्क प्लग बनवू लागला. त्याच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे एसी. या नावानं प्लग विकले गेले, तसे पेट्रोलचे पंपही विकले गेले. आपल्याकडच्या गॅरेजात मग पंप कोणत्याही कंपनीचा असो, तो 'एसी पंप'च झाला.

या पंपाचं काम काय? पद्मिनीची टाकी मागं, डिकीच्या बाजूला. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करणारा कार्ब्युरेटर पुढं, इंजिनावर, टाकीपेक्षा उंच जागी. पेट्रोल आपण होऊन वर चढत नाही, ते ओढून आणावं लागतं. पंपाच्या पोटात रबरी कापडाचा एक पातळ पडदा असतो. त्याला डायफ्राम म्हणतात. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर एक उंचवटा असतो. तो फिरताना पंपाच्या दांड्याला धक्का देतो, दांडा पडद्याला खाली खेचतो, वर पोकळी होते आणि टाकीकडून पेट्रोल आत येतं. धक्का सरला की पडद्याखालची स्प्रिंग त्याला वर लोटते आणि तेच पेट्रोल कार्ब्युरेटरकडं जातं. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशा दोन एकमार्गी झडपा असतात, म्हणून पेट्रोल उलटं फिरत नाही. कार्ब्युरेटर भरला की त्याची सुई वाट बंद करते. मग पडदा खालीच दबून राहतो आणि दांडा नुसताच हलतो.

तुमच्या-माझ्या छातीतल्या हृदयासारखीच ही रचना आहे. फक्त वेग वेगळा. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे दीड हजार फेरे घेतो. पंपाच्या दांड्याला मिनिटाला दीड हजार धक्के बसतात.

आता ओला नॅपकिन कशासाठी? पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, ते अनेक द्रवांचं मिश्रण आहे. त्यातले हलके भाग पस्तीस-चाळीस अंशांच्या पुढं उकळू लागतात. शिवाय पंप ज्या बाजूनं ओढतो, तिथं दाब कमी असतो आणि कमी दाबात द्रव लवकर उकळतो. घाटात गाडी हळू चालते, इंजिन तापतं, वारा कमी लागतो. नळीत आणि पंपात पेट्रोलची वाफ होते. पंपाची ताकद ती वाफ दाबण्यात आणि सैल करण्यात खर्च होते, पेट्रोल पुढं सरकत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. ओल्या फडक्यातलं पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं, पंप थंड होतो आणि वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं.

हे सगळं मला तेव्हाही थोडंफार ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते काम करण्याचा क्रम.

दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा पंप आणला. ऊन उतरल्यावर, साडेसहाच्या सुमारास वाड्याच्या अंगणात गाडीचं बॉनेट उघडलं. टाकीकडून येणारी नळी सोडवली, तिचं तोंड एका प्लास्टिकच्या मगात सोडलं आणि नट काढायला लागलो. पहिला नट निघाला. दुसरा हातातून निसटून खाली पडला. मी गाडीखाली वाकून त्याला शोधत होतो. टाकी आदल्याच दिवशी भरलेली. भरल्या टाकीतल्या पेट्रोलची पातळी पंपापेक्षा वर असते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नळीतून पेट्रोल थेंब थेंब येतच राहिलं, मग भरला आणि ओघळ फरशीवरून तुळशीवृंदावनाच्या दिशेनं निघाला. तेवढ्यात ओसरीवरून आई निरांजन घेऊन उतरली.

"आई, तिथंच थांब!" मी इतक्या जोरानं ओरडलो की ती पायरीवरच थबकली. म्हणाली, "अरे, तिन्हीसांजेला असा ओरडतोस काय?" मग तिलाही वास आला. काही न बोलता ती मागं फिरली, आत गेली आणि तिनं दिवा शांत केला.

तिच्यात आणि त्या ओघळात आठ-दहा फुटांचं अंतर असेल. ते पुरेसं नव्हतं, हे मी नंतर वाचलं. पेट्रोलला पेट घेण्याजोगी वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासच सुटू लागते, म्हणजे साताऱ्याच्या मे महिन्यात ती भरपूर सुटते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, पायऱ्यांशी, खोलगट जागी साठते आणि ओघळाच्या कितीतरी पुढं जाते. दिसत मात्र नाही. त्या संध्याकाळी मी आणखी एक चूक केली. फरशीवर बादलीभर पाणी ओतलं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यामुळं ते आणखी पसरलं. तिथं वाळू किंवा कोरडी माती टाकायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात, काम पुरं केलं. गाडी सुरू झाली. मी खूश झालो. आणि परतीच्या वाटेवर, सकाळच्या गार हवेत, सपाट रस्त्यावर गाडी पुन्हा बंद पडली.

आता ना ऊन होतं, ना घाट, आणि पंप तर कोरा होता. तेव्हा कुठं मी स्वतःला विचारलं, की पंप खराब आहे हे ठरवलं कोणी? मिस्त्रींनी फोनवरून अंदाज सांगितला आणि मी त्याला निदान मानलं. नाडी न बघता हृदय बदलून मोकळा झालो.

नाडी बघायची रीत सोपी आहे. इंजिन थंड असताना कॉइलची छोटी वायर काढून ठेवायची, म्हणजे ठिणगी पडणार नाही. पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणारी नळी कार्ब्युरेटरच्या टोकाला सोडवून बाटलीत धरायची आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. पंप चांगला असेल तर ठरावीक अंतरानं जोरकस पिचकाऱ्या येतात. त्या आल्या तर दोष पुढं, कार्ब्युरेटरमध्ये किंवा ठिणगीत. नाही आल्या तरी पंपाला लगेच दोष द्यायचा नाही. टाकीचं झाकण उघडून बघायचं. झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असेल तर पेट्रोल जाईल तशी आत पोकळी होते आणि पंपाला ओढणं जड जातं. झाकण उघडताना सुस्कारा ऐकू आला तर समजावं. मग फिल्टर बघायचा. शेवटी पंपाच्या ओढणाऱ्या तोंडावर बोट ठेवून त्याचा हाताचा छोटा दांडा हलवायचा. बोट आत खेचलं गेलं तर पंप ठणठणीत आहे.

मी बोट ठेवलं. नवा पंप चांगला ओढत होता. मग पंपाला येऊन मिळणारी वीतभर रबरी नळी हातात घेतली आणि वाकवली. वाकवताच तिच्यावर पापडासारख्या भेगा उघडल्या. फुटक्या स्ट्रॉनं शहाळं पिऊन बघा, पाण्याऐवजी हवाच तोंडात येते. तसंच चाललं होतं. घाटात गाडीचं नाक वर, टाकी खाली, म्हणजे पेट्रोल आणखी उंच ओढायचं, म्हणून हा दोष तिथं आधी दिसला. नळी नवी घातली, चार पैशांची, आणि गाडी पुढं कितीतरी वर्षं विनातक्रार चालली. जुना पंप मी नंतर उघडून पाहिला. त्याचा पडदा धडधाकट होता.

पंप खरोखर जातो तेव्हा तो सांगून जातो. त्याच्या बुडाशी बहुधा एक बारीक भोक असतं. तिथून पेट्रोल ठिबकत असेल तर पडदा फाटला. ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्यावा. ऑइल पातळ झालं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर फाटक्या पडद्यातून पेट्रोल इंजिनात उतरतंय. मग नुसता पंप बदलून भागत नाही, ऑइलही बदलावं लागतं, नाहीतर बेअरिंगं झिजतात.

पंप बदलायचाच झाला तर सकाळी, उघड्यावर, गार इंजिनावर बदलावा. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी. घरातल्या सगळ्यांना सांगावं, उदबत्तीसुद्धा लावू नये. टाकीकडची नळी सुटली की तिच्या तोंडात लगेच बोल्ट बसवावा. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णता अडवणारा एक जाड तुकडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कागदी पॅकिंग असतं. जुनं जितक्या जाडीचं निघालं तितक्याच जाडीचं नवं घालावं. जाडी वाढली तर दांड्याला धक्का कमी बसतो आणि पेट्रोल अपुरं येतं. जाडी कमी झाली तर धक्का जास्त बसून दांडा किंवा पडदा तुटतो. जुनं पॅकिंग खरवडताना इंजिनाच्या भोकात स्वच्छ फडकं कोंबावं आणि नंतर ते न विसरता काढावं. पंप हातानं दाबून जागेवर सहज टेकत नसेल तर कॅमचा उंचवटा समोर आलाय. इंजिन हातानं थोडं फिरवावं. दोन्ही नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळावेत. हाताचा दांडा हलवून पेट्रोल भरून घ्यावं, गळती नाही ना ते बघावं आणि मगच बॅटरी जोडावी.

हे सगळं कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठी. इंजेक्शनच्या गाड्यांत पंप विजेचा असतो आणि टाकीतच बुडालेला असतो. तो पेट्रोल ओढत नाही, मागून ढकलतो, म्हणून व्हेपर लॉक जवळजवळ संपलं. पण त्याचा दाब जुन्या पंपाच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त, गाडी बंद केल्यावरही नळीत टिकून राहणारा, आणि तो काढायचा तर टाकीच उघडावी लागते. ते काम अंगणात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या गाड्या आता थोड्या उरल्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. पण जिव्हाळ्यानं ठेवलेल्या अनेक पद्मिनी अजून घरोघरी आहेत आणि त्यांच्यासाठी एक नवी गोष्ट सांगायला हवी. २०२५ साली देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण वीस टक्क्यांवर पोचलं. आपल्याच उसाच्या मळीतून आणि रसातूनही ते येतं. ऊसवाल्यांचं त्यात भलं आहे. जुन्या गाड्यांची रबरं मात्र इथेनॉलसाठी केलेली नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात, नाहीतर चिरतात. तेव्हा नळ्या आणि पडदा इथेनॉलला टिकणारा मागून घ्या आणि दर पावसाळ्याआधी नळी वाकवून बघा. त्याला एक मिनिट लागतं.

त्यानंतर साताऱ्याला गेलो की तिन्हीसांजेला आई निरांजन हातात घेऊन ओसरीच्या पायरीवर थांबायची आणि आधी विचारायची, "गाडीचं काही उघडलं नाहीस ना रे?" मी "नाही" म्हटल्यावरच ती तुळशीकडं जायची.