जुन्या वाहनातील इंजिन व स्वयंचलित गिअरबॉक्सच्या बिघाडांचे निदान

जुन्या मोटारगाडीतील बिघाड इंजिनात आहे की स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये, हे लक्षणे व चाचण्यांच्या आधारे ठरविण्याच्या प्रक्रियेस बिघाडाचे निदान म्हणतात. या दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या असल्याने एकीतील दोषाची लक्षणे पुष्कळदा दुसरीत दिसतात. गिअरबॉक्स उतरवून खोलणे हे खर्चिक काम असते. म्हणून त्यापूर्वी इंजिन निर्दोष असल्याची खात्री करणे हे या निदानाचे मूलभूत तत्त्व आहे.

पार्श्वभूमी

भारतात दीर्घकाळ हाताने गिअर बदलण्याच्या गाड्याच प्रचलित होत्या. महिंद्राच्या नाशिक येथील कारखान्यात तयार होणारी स्कॉर्पिओ २००२ मध्ये बाजारात आली आणि २००८ मध्ये तिची सहा गिअरची स्वयंचलित आवृत्ती आली. मारुती सुझुकीच्या सेलेरिओमुळे २०१४ पासून 'एएमटी' हा स्वस्त प्रकार रूढ झाला. एएमटीमध्ये क्लच व गिअरबॉक्स नेहमीचेच असतात. ते हलविण्याचे काम मात्र यंत्र करते. त्यामुळे टॉर्क कन्व्हर्टर व त्यातील ऑइलविषयीच्या पुढील चाचण्या एएमटीला लागू होत नाहीत.

नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हे गुजरात सीमेजवळच्या डोंगराळ, आदिवासीबहुल आणि भरपूर पावसाच्या पट्ट्यातील गाव आहे. अशा भागात चढावर भरलेली गाडी सावकाश चालवताना टॉर्क कन्व्हर्टरमधील ऑइल अधिक तापते, तर पाणी साचलेल्या रस्त्यावर गिअरबॉक्समध्ये पाणी शिरण्याचा संभव असतो. चुकीच्या निदानाची किंमतही येथे मोठी असते, कारण स्वयंचलित गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळा सहसा शहरात असतात आणि बंद पडलेली गाडी तेथवर न्यावी लागते.

प्राथमिक तपासणी

पहिली खूण इंजिनाचे फेरे व गाडीचा वेग यांच्या संबंधात मिळते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर फेरे वाढतात, पण त्या प्रमाणात वेग वाढत नसेल, तर गिअरबॉक्समधील क्लच घसरत असल्याचा संशय येतो. फेरेच वाढत नसतील व गाडी चढावर दम टाकत असेल, तर दोष बहुधा इंजिनात असतो.

त्यानंतर गिअरबॉक्सचे ऑइल तपासतात. बहुतेक गाड्यांत ते गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गरम व चालू असताना मोजतात. मात्र काही उत्पादक इंजिन बंद करून मोजण्यास सांगतात. अनेक गाड्यांत हे ऑइल नवे असताना लाल व पारदर्शक असते. काळपट रंग व जळका वास क्लच प्लेट झिजल्याचे सुचवितो. दुधाळ गुलाबी रंग पाणी मिसळल्याचे लक्षण असून, रेडिएटरमधील ऑइल थंड करणारी नळी फुटल्यानेही असे होते.

इंजिनाचे निदान

धुराचा रंग उपयोगी ठरतो. काळा धूर हवा कमी किंवा इंधन जास्त असल्याचे, निळा धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे, तर सतत येणारा पांढरा धूर ज्वलनकक्षात पाणी शिरल्याचे किंवा डिझेल न जळल्याचे दर्शवितो. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, पट्टे व व्हॅक्यूम नळ्या आधी पाहतात, कारण त्या बदलणे स्वस्त असते.

कॉम्प्रेशन चाचणीत आकड्यापेक्षा सर्व सिलिंडरांतील समानता महत्त्वाची असते. पेट्रोल इंजिनाच्या कमी दाबाच्या सिलिंडरात थोडे ऑइल टाकल्यावर दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये शोधतात.

गिअरबॉक्सचा भास निर्माण करणारे दोष

एखादा सिलिंडर मिसिंग करू लागला, तर होणारी थरथर टॉर्क कन्व्हर्टरच्या थरथरीसारखी भासते. इंजिनाचे फाउंडेशन सैल झाल्यास गिअर बदलताना धक्का बसतो. जुन्या यंत्रणांत थ्रॉटलची केबल किंवा व्हॅक्यूमची नळी बिघडल्यास गिअर उशिरा व झटक्याने बदलतात. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर इंजिन थंडच असल्याचे दाखवत राहिला, तर काही गाड्या वरचा गिअर टाकत नाहीत. या प्रत्येक बाबतीत गिअरबॉक्स मात्र सुस्थितीत असतो.

स्टॉल चाचणी

निर्मात्याची परवानगी असल्यास सपाट जागी, चाकांना अटकाव लावून व ब्रेक पूर्ण दाबून 'डी' मध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि जास्तीत जास्त फेरे नोंदवितात. हे ५ सेकंदांपेक्षा अधिक काळ करीत नाहीत व त्यानंतर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून ऑइल थंड होऊ देतात. गाडीसमोर कोणीही उभे राहू नये. नमूद आकड्यापेक्षा फेरे अधिक आल्यास गिअरबॉक्समधील क्लच घसरत असतात. कमी आल्यास इंजिन अशक्त असते किंवा टॉर्क कन्व्हर्टरचा आतील एकदिशा क्लच निकामी झालेला असतो. म्हणूनच इंजिनाची तपासणी या चाचणीच्या आधी पूर्ण करतात.

संगणकीय दोषसंकेत

अनेक इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स दोष आढळताच एकाच गिअरवर अडकून राहतात, जेणेकरून गाडी सावकाश घरी नेता येते. दोषसंकेत वाचण्याची प्रमाणित व्यवस्था भारतात भारत स्टेज-४ मानकांबरोबर २०१० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत ती नसते. दोषसंकेत कोणता सुटा भाग खराब आहे हे सांगत नाही, तर कोणत्या परिपथात गडबड आहे एवढेच सांगतो. तार व जोडणी तपासूनच सेन्सर बदलावा लागतो.

बंद पडलेली गाडी हलविणे

जीपप्रमाणे धक्का मारून स्वयंचलित गिअरबॉक्सची गाडी सहसा सुरू होत नाही. गिअरबॉक्समधील ऑइलचा पंप इंजिनावर चालत असल्याने इंजिन बंद असताना आत दाब निर्माण होत नाही. त्याच कारणाने दोरीने दूरवर ओढल्यास भागांना वंगण मिळत नाही आणि निर्दोष गिअरबॉक्सही निकामी होऊ शकतो. गाडी नेताना फिरणारी चाके जमिनीपासून उचललेली असावीत किंवा संपूर्ण गाडी सपाट ट्रकवर चढवावी.