सुटकेचा सण आणि घरातली शेगडी

आपल्या कोकणातले शनवार तेली, म्हणजे मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू, आपणांस ठाऊक आहेत. जगभरच्या ज्यूंप्रमाणे तेही मार्च-एप्रिलच्या सुमारास वल्हांडण सण पाळतात. मिसर देशातल्या गुलामगिरीतून पूर्वज निघाले तेव्हा कणीक फुगेपर्यंत थांबायलाही उसंत नव्हती, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून सणाचे सात-आठ दिवस गव्हा-जवाचे आंबलेले काहीही घरात ठेवीत नाहीत. पावाचा चुरासुद्धा नाही.

खरी कसोटी लागते ती शेगडीशी. वर्षभर तिच्यावर काय काय उतू गेलेले असते! कर्मठ घरांत गॅसच्या शेगडीच्या जाळ्या, बर्नरच्या टोप्या, बटणे काढून घासतात. मग चोवीस तास तिच्यावर काही शिजवीत नाहीत. त्यानंतर जाळ्या मोठ्या आचेवर पंधरा-वीस मिनिटे तापवायच्या. काही घरी तर लाल होईस्तोवर. आगीतून जे शिरले ते आगीनेच निघते, असा नियम. मधला पत्रा असा तापवता येत नाही, तो जाड अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाने झाकतात. हवेच्या फटी तेवढ्या मोकळ्या ठेवाव्या लागतात.

हे सारे करते कोण? बहुतेक घरी बाईच. सणाच्या रात्री धाकटे मूल प्रश्न विचारते, वडीलधारे सुटकेची कथा सांगतात, आणि तोवर आई कंबर धरून बसलेली असते. जाळ्या पुरुषाने घासू नयेत असे कुठल्या धर्मग्रंथात लिहिलेले माझ्या तरी वाचनात नाही.