परिचारिका व्हायचे, पण कोणत्या दारातून?

बारावीचे निकाल लागले की जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांतील एस. टी. स्थानकांच्या भिंती आणि चौकांतील फलक एका ठरावीक मजकुराने भरून जातात. ‘नर्सिंगला प्रवेश सुरू’, ‘शासनमान्य’, ‘शंभर टक्के नोकरीची हमी’. हा मजकूर वाचून त्या संस्थांच्या पायऱ्या चढणारी कुटुंबे कोणती असतात, हे ध्यानात घेतल्याखेरीज या प्रश्नाचे गांभीर्य कळत नाही. मुलीने शिकावे असे वाटते, पण फार वर्षे वाट पाहण्याची ऐपत नाही. डॉक्टरकीचे शिक्षण आवाक्याबाहेरचे आणि साध्या पदवीवर भरवसा उरलेला नाही. अशा अल्पभूधारक शेतकऱ्यांची, कारकुनांची, रिक्षाचालकांची ही कुटुंबे. दागिना मोडून अथवा पतपेढीचे कर्ज काढून ती शुल्काचा पहिला हप्ता भरतात. त्यांच्या आयुष्यातील ही बहुधा सर्वांत मोठी गुंतवणूक असते, आणि ती अर्ध्या तासात ठरते.

परिचर्येच्या शिक्षणाला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. १८९१ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काशीबाई गणपत यांनी प्रशिक्षण घेतले. प्रशिक्षण घेणारी पहिली भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेण्याची वाट मोकळी करून दिली. ज्या काळी परपुरुषाच्या अंगाला हात लावणे हेच पाप मानले जाई, त्या काळी हे पाऊल किती धाडसाचे होते हे सांगावयास नको. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्याचा ताळेबंद मांडला. तेव्हा सुमारे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका होती. आता संस्थांची वाण नाही. अडचण नेमकी उलटी आहे : दारे अनेक आहेत, आणि कोणते दार कोठे उघडते हे आत शिरणाऱ्यास ठाऊक नसते.

तीन शिड्या

महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव दाखल होऊ शकेल असे प्रवेशाचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला, सहायक परिचारिका प्रसविका, म्हणजे ए. एन. एम. मुदत दोन वर्षे, केवळ स्त्रियांसाठी. कोणत्याही शाखेतून बारावी झालेली मुलगी त्यास पात्र ठरते. दुसरा, सामान्य परिचर्या व प्रसवविद्या, म्हणजे जी. एन. एम. ही पदविका तीन वर्षांची आहे. तिच्यात विज्ञान शाखेस प्राधान्य असले तरी इतरांना दार बंद नाही. तिसरा, बी. एस्सी. नर्सिंग. ही पदवी चार वर्षांची असून तिला बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. प्रवेशपरीक्षेचे नियम अलीकडे वरचेवर बदलत आले आहेत. म्हणून त्या त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका वाचणे हाच एक उपाय.

हे मार्ग एकमेकांपासून तुटलेले नाहीत. नोंदणीकृत ए. एन. एम.ला पुढे जी. एन. एम.ला प्रवेश मिळू शकतो, आणि जी. एन. एम. झालेल्या परिचारिकेस दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाने पदवी मिळविता येते. तेव्हा पैशाअभावी खालच्या पायरीवरून आरंभ करणे हा काही कायमचा पराभव नव्हे. मात्र प्रत्येक पायरीवरचे काम वेगळे आहे. मैदानी मुलखात सुमारे पाच हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात सुमारे तीन हजार लोकसंख्येसाठी जे उपकेंद्र असते, त्याचा कणा म्हणजे ए. एन. एम. गरोदर मातांची तपासणी, लसीकरण, बाळंतपण, घरभेटी ही तिची कामे. मोठ्या रुग्णालयातील अतिदक्षता विभागात काम करण्याची किंवा परदेशी जाण्याची ज्या मुलीची इच्छा आहे, तिला ही पायरी बहुधा अपुरी पडेल. तेथे पदविका वा पदवीच विचारली जाते.

या तिन्हींच्या सावलीत चौथे एक दार उघडे असते, आणि फसगत होते ती तेथे. सहा महिन्यांचे, वर्षाचे ‘नर्सिंग’ नावाचे प्रमाणपत्र अनेक ठिकाणी विकले जाते. रुग्णसहायक म्हणून काम करण्यास त्याचा उपयोग होईलही. परंतु त्या कागदावर परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसलेली व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने परिचारिका नव्हे. सरकारी भरतीच्या अर्जातील पहिलाच रकाना नोंदणी क्रमांकाचा असतो. वर्षभर शुल्क भरल्यानंतर ही गोष्ट कळणाऱ्या मुलीचे पैसे परत मिळतीलही कदाचित. वर्ष परत मिळत नाही.

हिशेबाची रीत

शिक्षणाचा खर्च म्हणजे शुल्क, असे घरोघरी समजले जाते. अर्थशास्त्र त्यात आणखी एक रक्कम मिळविते : शिकत असताना जे उत्पन्न बुडाले ते. केवळ रीत कळावी म्हणून काही आकडे गृहीत धरू. समजा, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास एकूण दीड लाख रुपये लागले आणि नंतर दरमहा बारा हजार मिळू लागले. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास तीन लाख लागले आणि नंतर दरमहा अठरा हजार मिळू लागले. मोठ्या अभ्यासक्रमाचा जादा खर्च दीड लाख नव्हे. एका वर्षाचे बुडालेले वेतन, म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार, त्यात मिळवावे लागेल. एकूण दोन लाख चौऱ्याण्णव हजार. जादा मिळकत वर्षाला बहात्तर हजार. म्हणजे सुमारे चार वर्षांत ही रक्कम भरून निघते, आणि पुढची सारी वर्षे लाभाची. कर्ज काढले असेल तर व्याजापोटी हा काळ वाढेल, एवढेच.

परंतु या हिशेबाची सारी इमारत एका गृहीतावर उभी आहे : जादा शिक्षणाला जादा वेतन मिळेल. गावातील लहान शुश्रूषागृह दोघींनाही तेच बारा हजार देत असेल, तर ती रक्कम कधीच भरून निघणार नाही. म्हणून प्रवेशापूर्वी शुल्काची चौकशी जितकी करावी, तितकीच त्या भागातील रुग्णालये कोणत्या परिचारिकेस काय देतात याचीही करावी. ही चौकशी संस्थेच्या कार्यालयात करून उपयोग नाही. ती नोकरीस लागलेल्या मुलींकडेच करावी लागेल.

वेतनाचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर २०१६ च्या जानेवारीत न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने त्याच वर्षी शिफारस केली, की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन द्यावे, आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही ते दरमहा वीस हजारांच्या खाली नसावे. केरळात परिचारिकांनी संघटितपणे लढा दिला आणि २०१८ मध्ये तेथील शासनाने किमान वेतन वीस हजार ठरविले. शिफारस सगळ्या राज्यांसाठी होती. पदरात पडले ते जेथे मागणारे संघटित होते तेथे. सरकारी सेवेतही २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून अनेक जागा कंत्राटी पद्धतीने भरल्या गेल्या. ‘सरकारी नोकरी’ हा शब्द ऐकताच ती कायम की कंत्राटी, हे विचारण्याची सवय पालकांनी लावून घेणे बरे.

परीक्षा संस्थेची

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि त्या विचाराबद्दल २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मोटार कशी आहे हे विकणाऱ्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. अशा बाजारात चांगल्या-वाईटाला सारखीच किंमत येते आणि हळूहळू वाईट माल चांगल्यास हुसकावून लावतो. परिचर्या शिक्षणाचा बाजार याहून अवघड आहे. मोटार निदान विकून दुसरी घेता येते. हे शिक्षण मनुष्य एकदाच विकत घेतो.

मग घेणाऱ्याने पाहावे काय? उत्तर साधे आहे : इमारत पाहू नये, रुग्णालय पाहावे. शुश्रूषा फळ्यावर शिकता येत नाही. जी. एन. एम.च्या शाळेमागे किमान शंभर खाटांचे रुग्णालय असावे, एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा, ही भारतीय परिचर्या परिषदेची प्रमाणके. १९४७ च्या ज्या कायद्याने ही परिषद आली, त्याच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. पण प्रमाणकांमागचे कारण कायद्याबरोबर बदलत नाही. ज्या रुग्णालयात खाटा कागदावर आहेत आणि रुग्ण नाहीत, तेथे विद्यार्थिनीची नोंदवही न केलेल्या बाळंतपणांनी भरते. अशी परिचारिका पुढे एखाद्या उपकेंद्रात रात्री एकटी असेल आणि समोर अडलेली बाई असेल. फसवणुकीचे मोल तेव्हा तिसऱ्याच घराला द्यावे लागते.

यासाठी पालकांनी एक सकाळ खर्च करावी. संलग्न रुग्णालयात जाऊन किती खाटांवर माणसे आहेत हे डोळ्यांनी पाहावे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यता यादीत संस्थेचे नाव आणि त्या वर्षीची प्रवेशसंख्या आहे काय हे ताडून घ्यावे. पदवीचा अभ्यासक्रम असेल तर तो नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी, किंवा अन्य मान्य विद्यापीठाशी, संलग्न आहे काय हे विचारावे. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षातील मुलींशी, शक्य तर कार्यालयाबाहेर, बोलावे. वसतिगृह आणि रात्रपाळीहून परतण्याची सोय पाहावी. सेवेचे बंधनपत्र लिहून घेतात काय, मूळ गुणपत्रिका ठेवून घेतात काय, हे आधी विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. जी संस्था लेखी उत्तर देत नाही, तिने उत्तर दिलेलेच आहे असे समजावे.

शासनाने काय करावे

एवढा शोध प्रत्येक बापाने घ्यावा, असे म्हणणे सोपे आहे. दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला आलेल्या माणसाकडून ही अपेक्षा कितपत न्याय्य? अमेरिकेत आपल्या ए. एन. एम.शी काहीशी जुळणारी ‘लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स’ ही पायरी आहे. शिक्षण साधारण वर्षाचे, आणि त्यानंतर परवान्याची सामायिक परीक्षा. तेथील अनेक राज्यांची परिचर्या मंडळे प्रत्येक शाळेतून किती विद्यार्थी या परीक्षेत पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले हे दरवर्षी प्रसिद्ध करतात आणि निकाल सतत घसरणाऱ्या शाळेस ताकीद देतात. तेथेही धंदेवाईक शाळा आहेत. पण निदान एक खरा आकडा गरिबाच्या हाती पडतो.

आपल्याकडे हे अवघड नाही. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेकडे निकाल आहेत, परिषदेकडे नोंदणी आहे, तपासणी अहवाल आहेत. संस्थावार निकाल, मान्य प्रवेशसंख्या, रुग्णालयातील भरलेल्या खाटा आणि मंजूर शुल्क या चार गोष्टी मराठीत, एका पानावर, प्रवेशापूर्वी प्रसिद्ध केल्या, तर निम्मी फसवणूक आपोआप थांबेल. हे पान गावागावांत पोहोचविण्याचे काम कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांचे. आपल्या वर्गातील कोणती मुलगी कोठे चालली आहे, हे सर्वांआधी त्यांना कळते. निकालाच्या दिवशी तिचे अभिनंदन करताना त्यांनी तिला एकच प्रश्न विचारावा : बाळ, ते रुग्णालय पाहून आलीस का?