औषधनिर्माता

औषधनिर्माता : वैद्यकीय चिठ्ठीप्रमाणे औषध तयार करणे किंवा तयार औषध पारखून योग्य मात्रेत व योग्य सूचनांसह रुग्णाच्या हाती देणे, तसेच औषधांचा साठा, जतन व नोंदी यांची जबाबदारी वाहणे, हे ज्याचे कार्य आहे अशा नोंदणीकृत व्यावसायिकास औषधनिर्माता म्हणतात. व्यवहारात त्यास ‘फार्मासिस्ट’ किंवा ‘केमिस्ट’ म्हणतात. जुन्या काळी ‘कंपाउंडर’ हा शब्द रूढ होता. आज बहुतेक सर्व औषधे कारखान्यांत तयार होतात. त्यामुळे दुकानातील वा रुग्णालयातील औषधनिर्माता सहसा औषध निर्माण करीत नाही. ते सुरक्षितपणे वापरले जाईल हे पाहणे, हे त्याचे मुख्य काम झाले आहे. नाव आणि काम यांतील हे अंतर या व्यवसायाच्या शिक्षणात व समाजातील स्थानातही दिसून येते.

इतिहास : आयुर्वेदात वैद्य, औषधिद्रव्य, परिचारक व रोगी असे चिकित्सेचे चार पाद मानले आहेत. त्यांत औषध बनविणाऱ्यास वेगळे स्थान नाही, कारण वैद्य स्वतः किंवा आपल्या शिष्यांकरवी औषध सिद्ध करीत असे. यूरोपात पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सु. १२४० मध्ये सिसिलीच्या राज्यात वैद्य व औषध बनविणारा यांचे व्यवसाय कायद्याने वेगळे केले. लिहिणारा एक व देणारा दुसरा असल्यास एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस येते, हा या विभागणीचा मोठा लाभ होय.

ब्रिटिश अमदानीत भारतात पाश्चात्त्य औषधे आली, तरी औषध देणाऱ्यांच्या शिक्षणाची देशव्यापी व्यवस्था नव्हती. दवाखान्यातील कंपाउंडर अनुभवाने शिके. खलात चूर्ण घोटून पुड्या बांधणे, काचेच्या मापाने मिश्रण तयार करणे व मात्रा कळण्यासाठी बाटलीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटविणे, हे त्याचे नित्याचे काम असे. हलक्या व भेसळयुक्त औषधांविषयी तक्रारी वाढल्यावर सरकारने १९३० मध्ये कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. औषधांवर नियंत्रण आणि औषधनिर्मात्यांचे रीतसर शिक्षण या दोन्हींची शिफारस तिने केली. बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने १९३२ पासून या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले. पुढे औषधे अधिनियम (१९४०) व फार्मसी अधिनियम (१९४८) संमत झाले आणि १९४९ मध्ये फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया ही परिषद स्थापन झाली.

शिक्षण व नोंदणी : बारावी विज्ञान परीक्षेनंतर दोन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी घेता येते. पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. पदविकेनंतर किमान तीन महिन्यांत ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. त्यानंतर राज्य परिषदेकडे नोंदणी होते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषद पाहते. २०२२ च्या विनियमांनी पदविकाधारकांसाठी नोंदणीपूर्व निर्गम परीक्षेची तरतूद केली. २००८ मध्ये ‘फार्म. डी.’ हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम मान्य झाला. त्यातील अखेरचे वर्ष रुग्णालयातील आंतरवासितेचे असते. पदविकेच्या २०२० च्या विनियमांत सामाजिक औषधनिर्माणशास्त्र, औषधोपचारशास्त्र आणि रुग्णालयीन व चिकित्सालयीन औषधनिर्माणशास्त्र यांसारखे विषय आहेत. अभ्यासाचा रोख द्रव्याकडून रुग्णाकडे वळल्याचे हे चिन्ह आहे.

नाशिकमधील स्थिती : या व्यवसायाची जवळजवळ सर्व अंगे नाशिकमध्ये एकत्र पाहता येतात. सातपूर व अंबड या औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत. मराठा विद्या प्रसारक समाज, महात्मा गांधी विद्यामंदिर इ. संस्थांची औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयेही येथे आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये याच शहरात स्थापन झाले. परंतु औषधनिर्माणशास्त्राचे पदवी शिक्षण त्याच्या कक्षेत येत नाही. वर उल्लेखिलेली महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि पदविकेची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळ घेते. म्हणजे वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या व आयुर्वेद यांचे विद्यार्थी आरोग्य विज्ञानाच्या छत्राखाली, तर त्यांच्याबरोबरीने रुग्णालयात काम करणारा औषधनिर्माता तंत्रशिक्षणाच्या छत्राखाली शिकतो. उद्योगाची गरज भागविण्यास ही रचना सोयीची आहे. रुग्णसेवेच्या शिक्षणास मात्र ती तितकीशी पोषक नाही.

जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर यांसारख्या आदिवासी तालुक्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधनिर्मात्याचे महत्त्व विशेष जाणवते. त्याच्या पदाचे शासकीय नाव ‘औषध निर्माण अधिकारी’ असे आहे. प्रत्यक्षात औषधांची मागणी नोंदविणे, मुदत आधी संपणारा साठा आधी वापरणे, शीतसाखळीतील औषधे २° ते ८° से. तापमानात राखणे, उपकेंद्रांना पुरवठा करणे आणि पावसाळ्यापूर्वी सर्पदंशावरील प्रतिविष शिल्लक आहे ना हे पाहणे, अशी कामे त्यास करावी लागतात. जेथे पर्यायी दुकान जवळ नसते, तेथे साठा संपणे म्हणजे उपचार थांबणे होय.

बदलते कार्य : औषध देताना मात्रा, दोन मात्रांमधील अंतर, सारख्या नावांमुळे होणारा घोटाळा व इतर औषधांशी होणारी परस्परक्रिया तपासावी लागते. उदा., संधिवातावरील मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते रोज घेतले गेल्यास प्राणावर बेतू शकते. भारतात इन्शुलीन दर मिलिलिटरला ४० आणि १०० एकक अशा दोन तीव्रतांत मिळते. १०० एककांचे इन्शुलीन ४० एककांच्या सिरिंजने घेतल्यास मात्रा अडीचपट होते आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. अशा वेळी औषध हाती देताना उच्चारलेले एक वाक्यही निर्णायक ठरते.

सार्वजनिक आरोग्यातही त्याचा वाटा वाढला आहे. प्रतिजैविकांच्या अनिर्बंध वापरामुळे जंतू त्यांना दाद देईनासे होतात. हे रोखण्यासाठी २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीतील औषधांची विक्री स्वतंत्र नोंदवहीत लिहावी लागते व ती नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. क्षयरोगावरील औषधे घेणाऱ्या रुग्णांची माहिती शासनास कळविण्याचे बंधन २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेत्यांवरही आले. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या, २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमास औषधनिर्माता थेट माहिती देऊ शकतो. रुग्णास सल्ला देणे हे त्याचे कर्तव्य असल्याचे २०१५ च्या औषधनिर्माण व्यवसाय विनियमांनी स्पष्ट केले.

अडचणी : फार्मसी अधिनियमाच्या ४२ व्या कलमानुसार नोंदणीकृत औषधनिर्मात्याखेरीज कोणीही वैद्यकीय चिठ्ठीवरील औषध तयार करून वा काढून देऊ शकत नाही. तरीही प्रमाणपत्र भिंतीवर व व्यक्ती अन्यत्र, हा प्रकार दीर्घकाळ चालत आला आहे. महाराष्ट्रात २०१२–१३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या उपस्थितीचा आग्रह धरला, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी दुकाने बंद ठेवून विरोध केला. या दुखण्याचे एक मूळ अर्थव्यवहारात आहे. सल्ल्याबद्दल दुकानातील औषधनिर्मात्यास वेगळे शुल्क मिळत नाही. दुकानाचे उत्पन्न विक्रीवर अवलंबून असते. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाने अनुसूचित औषधांवर किरकोळ विक्रेत्यास १६ टक्के नफा ठरवून दिला आहे. त्यामुळे रुग्णास अनावश्यक औषध न घेण्याचा सल्ला देणारा औषधनिर्माता आपले कर्तव्य बजावतो, पण त्याच वेळी दुकानाचे उत्पन्न कमी करतो. नोंदणी, अभ्यासक्रम व कायदा यांत सुधारणा झाल्या असल्या, तरी हा विरोध अद्याप मिटलेला नाही.